पोलिसाच्या हातातली अधू बंदूक

जुन्या पोलीस बंदुका हौसेनं जमवणारी माणसं जगभर आहेत. त्यांच्या या लोखंडात आपल्या आजी-पणजीच्या काळचा इतिहास दडला आहे, म्हणून आज आम्ही तो विषय घेतला.

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची बंदूक. घोड्यावर बसून वागवायला सोपी, म्हणून ती आधी घोडदळाकडे होती. पुढे पोलिसांकडे आली. पण कुठल्या पोलिसांकडे? इंग्लंडच्या खेड्यातला शिपाई दंडुका घेऊन फिरायचा. त्याच सरकारनं आयर्लंडच्या पोलिसांना मात्र कार्बाइन दिल्या, कारण तो दाबून ठेवायचा मुलूख होता. १८४३ साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरनं तिथं याच आयरिश नमुन्यावर पोलीस उभे केले. चार वर्षांनी सिंध आपल्या मुंबई इलाख्याला जोडला गेला. १८६१ साली पोलीस कायदा आला, त्यामागेही हाच नमुना होता.

त्याआधी १८५७ चा उठाव होऊन गेला होता. तेव्हाच्या एनफिल्ड रायफलच्या नळीत मळसूत्रासारखे आटे होते. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत लांबवर सरळ जाते. उठावानंतर सरकारनं देशी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची वेगळी बंदूक काढली. बाहेरून ती एनफिल्डसारखीच दिसायची, पण आतून नळी गुळगुळीत, आटेच नाहीत! लांबचा नेम धरायचाच नाही, अशी मुद्दाम अधू केलेली बंदूक.

पोलिसांच्या वाट्यालाही पुढे तेच आलं. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी '४१० मस्केट' तयार झाली. मूळ लष्करी रायफलीत दहा काडतुसं भरता येतात. इथं त्या जागी लाकडी ठोकळा बसवला. एक गोळी झाडायची, मग दुसरी भरायची. नळी गुळगुळीत आणि काडतूसही वेगळं. इजिप्तमध्ये गावच्या राखणदारांसाठी इंग्लंडच्या ग्रीनर कंपनीनं बंदूक केली, तिला तर खास घडणीचंच काडतूस लागायचं. बंदूक चोरीला गेली तरी चोराच्या हाती फक्त दांडकं!

म्हणजे ज्याच्या अंगावर वर्दी चढवली, त्याच्यावरही मालकाचा भरवसा नव्हता. बाकीच्या रयतेला तर १८७८ च्या कायद्यानं परवान्याशिवाय हत्यारच ठेवता येत नव्हतं. आणि अधू असली तरी निःशस्त्र माणसापुढे पोलिसाची बंदूक भारीच. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहाला गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. हौशी माणसं बंदुकीच्या लाकडाची, पोलादाची तारीफ करतात, ती करोत. आम्हाला मात्र तिच्यासमोर कोण उभं होतं, हे आधी आठवतं.

जाणकार अशी बंदूक ओळखतात ती शिक्क्यांवरून. राजमुकुट, कारखान्याचं नाव, साल. नकलाही पुष्कळ आहेत. खैबर खिंडीच्या भागातले कारागीर हातानं बंदुका घडवायचे आणि शिक्केही उठवायचे, पण इंग्रजी अक्षरं कधी उलटी पडायची. जुनं लोखंड घासून चकचकीत केलं, की शिक्के झिजतात आणि किंमत उतरते. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं शास्त्र इथं चालत नाही.

आता आपल्या कामाचं. घरातला परवानाधारक माणूस गेला आणि बंदूक माळ्यावर राहिली, तर ती 'जुनीपुराणी' म्हणून सोडून देऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट फक्त अशा जुन्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. ते चालेल की नाही, हे आपण घरी ठरवायचं नाही. घोडा ओढून तर मुळीच बघायचं नाही. नळीत जुनं काडतूस अडकलेलं असू शकतं.

कायदा सांगतो, की अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. पण जमा केली म्हणजे हक्क गेला, असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला स्वतःचा परवाना काढून ती परत घेता येते किंवा रीतसर विकता येते. विधवा बाईही वारसच असते. दीर किंवा पुतण्या म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कशाला ती कटकट, मी घेऊन जातो," तर देऊ नका. स्वतः ठाण्यात जा, सोबत गटातली एखादी बाई घ्या, आणि बंदुकीचा नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका.