पाळीचे दोन दिवस आणि गिरणगावचा पगार

आजच्या भागात आपण गिरणगावात जाणार आहोत. लालबाग, परळ, लोअर परळ. गिरणगाव म्हटलं की भोंगा, संप, मोर्चे आठवतात. आज मात्र एक साधाच प्रश्न घेऊन जाऊ. गिरणीत काम करणाऱ्या बाईच्या पोटात पाळीच्या पहिल्या दिवशी कळा यायच्या, तेव्हा त्या दिवसाच्या मजुरीचं काय व्हायचं?

आधी हे लक्षात घ्या की बायका गिरणीत थोड्याथोडक्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बहुतेक जणी वायंडिंग आणि रिलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. त्यांच्यावर मुकादम म्हणून नायकीण असायची. मजुरी बहुतेक कामावर मोजली जायची: जितकं सूत, तितके पैसे. आता विचार करा, कंबर धरलेली, पोटात गोळा आलेला आणि दिवसभर यंत्रापुढे उभं राहायचं. हात मंदावला की पगार कमी. घरी राहिलं तर पूर्ण खाडा, आणि दारात बदलीवाल्या उभ्याच.

घरी तरी काय होतं? ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसायची रीत कोकणातून आणि घाटावरून चाळीत आली. त्या रीतीत अपमान होता, यात शंका नाही. पण गावाकडे त्या दिवसांत निदान चुलीपासून सुटका व्हायची. इथे दहा बाय दहाची खोली, त्यात सगळं कुटुंब, वर गावाकडचे पाहुणे. बाजूला बसणार कुठे? नळ सामाईक, संडास सामाईक. कपडा धुवायचा, वाळवायचा, तोही कुणाच्या नजरेला न पडता. म्हणजे शिवाशिव राहिली आणि विश्रांती तेवढी गेली.

मग कायद्याने काही केलं का? केलं, आणि तिथेच खरी गोष्ट आहे. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवारच्या सुट्टीसाठी महालक्ष्मीला प्रचंड सभा घेतली, त्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. 1891 च्या फॅक्टरी कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आलं. ते मांडलं आसवल्यांनी, आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा. 1929 मध्ये कायदा झाला.

मोठंच पाऊल होतं ते. पण बघा, बाईचं शरीर कायद्याला दिसलं ते मूल होताना. दर महिन्याला येणारं दुखणं त्यात कुठेच नाही.

पुढे 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आपण सगळे ज्याला ईएसआय म्हणतो तो. मुंबईत योजना 1954 मध्ये सुरू झाली. आजारपणात साधारण अर्धा पगार मिळायचा. फक्त एक अट होती: आजारपणाचे पहिले दोन दिवस धरायचे नाहीत. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर ही अट लागू नाही. आता हिशेब करा. पाळीच्या कळा सगळ्यात जास्त कधी असतात? पहिल्या एक-दोन दिवसांत. आणि पाळी परत कधी येते? साधारण अठ्ठावीस दिवसांनी. म्हणजे दोन्हीकडून बाई बाहेर. नियम कुणी पाळीचा विचार करून केला नव्हता. विचारच नव्हता, म्हणून तर तो असा झाला.

खानावळवाल्या बायकांना तर एवढंही नव्हतं. गिरणीतल्या गड्यांची जेवणं घरच्या चुलीवर रांधणाऱ्या या बायकांना 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्यांच्या कामाला ना हजेरीपुस्तक, ना खाडा, ना बदली. पोटात दुखतंय म्हणून गड्यांचे डबे थांबत नव्हते.

आता एक योगायोग ऐका. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांवरच्या संशोधनाला मिळालं. गर्भाशयाच्या अस्तरात हीच द्रव्यं तयार होतात, त्यांनी स्नायू आवळले जातात आणि कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या ती तयार होणंच कमी करतात. म्हणजे ‘बायकांची नाटकं’ म्हणून उडवून लावलेल्या दुखण्याचं कारण सापडलं होतं. (दुखणं दर महिन्याला वाढत असेल, गोळीनेही थांबत नसेल, तर एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.)

आज गिरण्यांच्या जागी ऑफिसं आहेत. 2017 मध्ये मुंबईच्या कल्चर मशीन कंपनीने पाळीच्या पहिल्या दिवसाची रजा दिली, तेव्हा केवढी चर्चा झाली! खरं तर आपल्या गिरण्यांचा जुना स्पर्धक जपान. तिथे अशी रजा 1947 पासून कायद्यात आहे. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला धोरण ठरवायला सांगितलं, पण सोबत एक भीतीही बोलून दाखवली: रजा सक्तीची केली तर मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत.

गिरणगावाने ही भीती खरी होताना पाहिली आहे. रात्रपाळीची बंदी आणि प्रसूतीचा खर्च, त्यात नवी यंत्रं आली. 1930 नंतर गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. म्हणून रजा नको, असं मी म्हणणार नाही. प्रसूती भत्त्यालाही हाच आक्षेप होता, आणि तो आज कुणी मागे घ्या म्हणत नाही. प्रश्न पैशाचा आहे. भार एकट्या मालकावर टाकला, तर तो बाईला टाळणार. आंबेडकरांनी तेव्हाच सांगितलं होतं की यातला मोठा वाटा सरकारने उचलावा. पाळीच्या रजेची चर्चा तिथून पुढे न्यायला हवी, आणि सुरुवात त्या दोन दिवसांच्या अटीपासून करता येईल.

तुमच्या घरात कुणी आजी, मावशी, आत्या गिरणीत होती का? तिला हे एकदा विचारून बघा, आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.