प्रेषकाचे नाव कोण तपासतो?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या संशोधन गटाच्या संकेतस्थळावरून प्रकल्पासाठी विचारणा करणाऱ्या विद्यार्थ्यांची पत्रे तीन आठवडे आमच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. ‘संपर्क करा’ हा फॉर्म भरला की पडद्यावर ‘आपला संदेश मिळाला’ असे उमटत असे. टपालपेटी मात्र रिकामी. दोष शोधताना मी ज्या ठिकाणी पोहोचलो, ते ठिकाण चाळीस वर्षांहून जुने आहे.

ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी ‘एसएमटीपी’ ही ईमेल वहनाची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यानुसार पाठवणारे यंत्र प्रेषकाचा पत्ता सांगते आणि घेणारे यंत्र तो खरा मानते. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याने कोणतेही नाव लिहावे, तसेच हे. त्या काळी जाळ्यात जेमतेम काहीशे यंत्रे होती. परस्परांवर विश्वास ठेवणे हा भाबडेपणा नव्हता.

भारतातील आरंभही अशाच लहान कुटुंबात झाला. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे ‘एनसीएसटी’ आणि स्वतः तो विभाग, असे आठ सहभागी. देशातील पहिल्या ईमेलची देवघेव मुंबईतच, एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या दूरध्वनी तारेवरून झाली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी ‘व्हीएसएनएल’ने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्याच वर्षी फॉर्मचा समावेश असलेली ‘एचटीएमएल’ची दुसरी आवृत्ती प्रमाणित झाली आणि मॅट राइट यांची ‘फॉर्ममेल’ ही छोटी आज्ञावली जगभरच्या संकेतस्थळांवर बसू लागली. फॉर्ममध्ये लिहिलेले ती ईमेलने पाठवी. परंतु पत्र कोणाला पाठवायचे, हे फॉर्ममधल्याच एका अदृश्य रकान्यात लिहिलेले असे. तो बदलून परक्याच्या सर्व्हरमधून हजारो जाहिराती पाठवता येतात, हे काहींच्या लवकरच लक्षात आले. १९८२ चा विश्वास आता महाग पडू लागला.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. २००६ च्या ‘एसपीएफ’नुसार डोमेनचा मालक आपल्या नावाने पत्रे पाठवण्यास कोणती यंत्रे अधिकृत आहेत, याची यादी डीएनएस नोंदींत जाहीर करतो. २००७ च्या ‘डीकेआयएम’मुळे पत्रावर गणिती स्वाक्षरी होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘डीमार्क’ तिसरा प्रश्न विचारते: वाचकाला दिसणारा प्रेषक आणि तपासलेला प्रेषक एकच आहे का? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी ही तिन्ही बंधनकारक केली.

आमचा फॉर्म नेमका याच तिसऱ्या प्रश्नापाशी अडला. तो प्रेषक म्हणून विद्यार्थ्याचाच पत्ता लिहीत असे. त्या पत्त्याच्या डोमेनने आमच्या सर्व्हरला कधीच अधिकृत केले नव्हते. अर्थात, प्रत्येक अर्ज तोतया ठरला आणि नाकारला गेला. फॉर्म मात्र पत्र रांगेत टाकल्याबरोबर ‘मिळाला’ असे सांगून मोकळा होई.

दुरुस्ती सोपी होती. प्रेषक म्हणून संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’ या रकान्यात विद्यार्थ्याचा, आणि पाठवणी ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून, परवलीचा शब्द देऊन. शिवाय प्रत्येक संदेशाची प्रत आता आधी डेटाबेसमध्ये साठते. ईमेल त्यानंतर जाते.

हरवलेली पत्रे मात्र परत मिळाली नाहीत. ती कोणी लिहिली होती, हेही आम्हाला कळणार नाही. म्हणून विद्यार्थीमित्रांना एक विनंती: एखाद्या संस्थेकडून आठवडाभर उत्तर आले नाही, तर तो नकार समजू नका. तेथील प्राध्यापकांच्या पत्त्यावर पुन्हा एकदा, थेट लिहा.