परतीची वाट

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास जाणत्या मंडळींनीं लिहिलाच आहे. आमच्याकडे समितीनें निराळा विषय सोंपविला. "फादर, आपण मंडळी घेऊन पवित्र भूमीला गेलां होतां, त्या प्रवासाविषयीं लिहा," असा आग्रह झाला. विषय गोड खरा. परंतु लेखणी हातीं घेतली तों प्रवासवर्णनापेक्षां अशा संघयात्रांचा इतिहासच मनांत घोळूं लागला, आणि त्या इतिहासानें शेवटीं आमच्याच एका चुकीकडे बोट दाखविलें. म्हणून वाचकांनीं हा लेख कांहींसा इतिहास व कांहींशी प्रांजळ कबुली समजून वाचावा, अशी विनंति आहे.

आरंभ 'ज्युबिली' या शब्दापासूनच करूं. रौप्य, सुवर्ण, हीरक अशा महोत्सवांना आपण हा शब्द लावतों. त्याचें मूळ इब्री भाषेंतील 'योबेल' या शब्दांत आहे. योबेल म्हणजे एडक्याचें शिंग. तें फुंकून पन्नासावें वर्ष जाहीर करीत. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत त्या वर्षाचे नियम आहेत. विकलेलें वतन मूळ घराण्याकडे परत जावें, आणि दारिद्र्यापायीं जो दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या कुळाकडे परत जावें, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे योबेल हें मुळांत बाहेर पडण्याचें वर्ष नव्हे, तर घरीं परतण्याचें वर्ष होय. पुढें पोप आठवे बोनिफेस यांनीं सन १३०० मध्यें रोम येथें पहिलें पवित्र वर्ष पुकारलें आणि ज्युबिली म्हणजे यात्रा असें नातें जुळलें. त्या वर्षीं रोमला इतकी गर्दी लोटली कीं टायबर नदीच्या पुलावर जाणाऱ्यांची बाजू निराळी व येणाऱ्यांची निराळी ठेवावी लागली. कवि डांटे यानें आपल्या महाकाव्यांत या व्यवस्थेचा दाखला दिला आहे. जाणाऱ्यांना वाट द्यावी तशी परतणाऱ्यांनाही राखून ठेवावी, हा धडा सातशें वर्षांपूर्वींच्या त्या पुलानें घालून दिला.

संघानें यात्रा कशी करावी हें मात्र खानदेशाला रोमकडून शिकण्याचें कारण नाहीं. संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगराहून निघून पंढरपुरास पायीं जाते. दूरवरून येणाऱ्या पालख्यांत तिची गणना होते. आपल्या शेजारीं राहणारे कित्येक लोक त्या दिंडींत चालतात. दिंडीला तिकीट नसतें, पण शिस्त असते. पुढें पताका, मध्यें वीणेकरी, चोपदाराचा शब्द सर्वांना मान्य, आणि जो थकला त्याला सामानाच्या गाडींत जागा. शिवाय 'वारी' या शब्दांतच येरझार आहे. गेला आणि परत आला तो वारकरी. हें सारें आम्ही लहानपणापासून पाहत आलों. परंतु आपण पाहतों त्याचा अर्थ पुष्कळदां उशिरां कळतो.

समुद्रापलीकडच्या प्रवासाची गोष्ट अधिक कठीण होती. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाले ते ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचले. त्या खडतर प्रवासाची हकीकत त्यांनीं आपल्या वडिलांना पत्रानें कळविली. ते स्वतः मात्र परत गेले नाहींत. १६१९ त गोव्यांतच त्यांचा देह ठेवला गेला.

उलट दिशेची हकीकत केरळांतील आहे. तेथील ख्रिस्तसभेचें गाऱ्हाणें रोमला सांगण्यासाठीं धर्मगुरु करियाट्टिल व पारेम्माक्कल हे १७७८ त निघाले. सोबत रोमला शिकावयास जाणारे दोन विद्यार्थी होते. पारेम्माक्कल यांनीं लिहिलेला प्रवासवृत्तांत भारतीय भाषांतील अगदीं आरंभींच्या प्रवासवर्णनांत मोडतो. करियाट्टिल यांना लिस्बन येथें बिशपपदाची दीक्षा मिळाली. कार्य साधलें, पण परततांना ते गोव्यापर्यंतच आले. १७८६ च्या सप्टेंबरांत तेथेंच त्यांचें देहावसान झालें. गांव कांहीं दिवसांच्या वाटेवर राहिलें होतें. त्यांच्या अस्थि केरळांत आलंगाड येथील चर्चमध्यें आणल्या गेल्या त्या १९६१ त. पावणेदोनशें वर्षांनंतर लोकांनीं आपल्या माणसाला घरीं आणलें, याचें आम्हांस फार अगत्य वाटतें.

महाराष्ट्रालाही अशी एक जखम आहे. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० त परिवारासह युरोपच्या प्रवासास गेले. तरुण वय, जिज्ञासु वृत्ति, रोजनिशी लिहिण्याची संवय. इंग्लंड पाहून परततांना इटलींतील फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, त्यांना मृत्यूनें गांठलें. आर्नो नदीच्या कांठीं त्यांचें दहन झालें. तेथें त्यांचें स्मारक आहे, आणि जवळच्या आधुनिक पुलालाही 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचें नांव पडलें आहे. त्यांची रोजनिशी १८७२ त लंडनला छापून निघाली. वही परतली, पण महाराज परतले नाहींत.

याच सुमारास जगाची वाट खानदेशावरून जाऊं लागली. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा उघडला. थळ घाट चढून खानदेशांत उतरलेली मुंबईची रेल्वे मार्च १८७० मध्यें जबलपूर येथें पूर्वेकडून आलेल्या रेल्वेला मिळाली, आणि मुंबई ते कलकत्ता हा सलग लोहमार्ग चाळीसगांव, जळगांव, भुसावळ यांवरून सुरू झाला. १८७२ च्या सप्टेंबरांत थॉमस कुक हे इंग्रज गृहस्थ लहानसा संघ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले; २२२ दिवसांचा तो प्रवास होता. अमेरिका, जपान, चीन करून ते हिंदुस्थानांत आले, आणि कलकत्त्याकडून रेल्वेनें मुंबईस गेले. त्या काळीं दुसरा सलग लोहमार्ग नव्हता. तेव्हां भाडें भरून जग पाहावयास निघालेला तो पहिला संघ आपल्याच रूळांवरून गेला असला पाहिजे.

हे कुक बाप्टिस्ट पंथाचे व मद्यपाननिषेधाचे कट्टे प्रचारक. १८४१ च्या जुलैंत दारूबंदीच्या सभेला सुमारें पांचशें लोकांना त्यांनीं एक शिलिंग दरानें लेस्टरहून लफबरोला रेल्वेनें नेलें. तेथून त्यांच्या धंद्याचा उगम झाला. १८६९ पासून त्यांनीं पवित्र भूमीच्याही सहली काढल्या. आज आमचे कॅथॉलिक यात्रेकरू ज्या पद्धतीनें जेरुसलेमला जातात ती एका प्रॉटेस्टंट उपदेशकानें रूढ केली, हें नमूद करण्यांत आम्हांस संकोच नाहीं.

गंमत अशी कीं त्याच १८७२ च्या अखेरीस पॅरिसच्या एका वृत्तपत्रांत ज्यूल व्हर्न यांची ऐशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी क्रमशः येत होती. तिचा नायकही रेल्वेनें खानदेश ओलांडतो. व्हर्न हिंदुस्थानांत कधींच आले नव्हते. त्यांनीं आमच्या खानदेशांत कापसाबरोबर कॉफी, जायफळ आणि लवंग यांचेही मळे लावून दिले आहेत! कापूस ठीक, पण जळगांवच्या उन्हांत लवंग पिकलेली कोणी पाहिली असेल तर त्यानें आम्हांस अवश्य कळवावें. मात्र हंसून झाल्यावर वाटतें, पवित्र भूमीच्या बसच्या खिडकींतून आम्हीं जें पाहिलें त्यांतही अशा लवंगा थोड्या नसतील.

कुक यांच्या कंपनीकडे सरकारनें १८८६ त हिंदी मुसलमानांच्या हजयात्रेची व्यवस्थाही सोंपविली. कांहीं वर्षांनीं ती बंद पडली. हजची मोठी अडचण जाण्याची नव्हती, परतण्याची होती. गरीब यात्रेकरू असेल नसेल तो पैसा जाण्यांत खर्च करीत आणि मग जेद्दा बंदरांत निराधार होऊन पडत. अखेर १९२५ त कायद्यानेंच जहाजाचें परतीचें तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली. आणि अलीकडची गोष्ट पाहा. इंग्लंडमधील मूळ कुक कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजीं बुडाली, तेव्हां सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले व त्यांच्या सरकारला विमानें पाठवून त्यांना आणावें लागलें. त्याच नांवाची भारतांतील कंपनी तत्पूर्वींच निराळी झाली होती, म्हणून ती वांचली. सारांश, संघाला नेणें हें अर्धेंच काम होय. माणूस न् माणूस परत आणणें हें उरलेलें अर्धें.

आतां आमच्या यात्रेविषयीं. जळगांव, भुसावळ व धुळें येथील मिळून तीसेक मंडळी होती. धुळ्याचे लोक चाळीसगांवला येऊन मिळाले. रात्रीच्या गाडीनें मुंबई, तेथून विमानानें अम्मान, पुढें जॉर्डन नदी ओलांडून पलीकडे, असा मार्ग होता. सर्वांना एकाच रंगाच्या टोप्या मिळाल्या होत्या. पिशव्यांतून शेव, केळ्याचे वेफर आणि ठेचा होता; तिसऱ्या दिवशीं त्या ठेच्याला आलेली किंमत सांगून खरी वाटणार नाहीं. पहांटे पांचला उठणें, सामान दाराबाहेर ठेवणें, वाटाड्याच्या हातांतील झेंड्यामागें चालणें. बेथलेहेमच्या चर्चचें द्वार इतकें ठेंगणें आहे कीं राजालाही वांकावें लागतें. तेथें आमची सर्व मंडळी वांकली आणि कित्येकांचे डोळे पाणावले. गालील सरोवरावर नावेंत बसून आम्हीं मराठी गीतें गाइलीं. तें सुख खरें होतें. तें आम्ही कधींही नाकारणार नाहीं.

परंतु पवित्र कबरेच्या दर्शनाचा दिवस उजाडला तेव्हां आमच्यांतील एका वयोवृद्ध सेवानिवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला ताप भरला. धांप लागून त्यांना उठवेना. सहलीच्या व्यवस्थापकानें घड्याळ दाखविलें; बस थांबणार नव्हती, आणि दुसऱ्या दिवशीं मुक्काम हलणार होता. आम्हीं त्यांच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, त्यांच्या मुलीला जवळ बसविलें, आणि इतरांबरोबर निघून गेलों. कबरेपाशीं लांबच लांब रांग होती. आंत दोन-तीन माणसांपुरती जागा. गुडघे टेकले न टेकले तोंच बाहेरून हांक आली. आजोबा आणि त्यांची कन्या यांनीं जेरुसलेममधील तो दिवस हॉटेलच्या खोलींत काढला.

परत आल्यावर पहिल्याच रविवारीं मिस्सा आटोपून आम्ही दारांत उभे होतों. आजोबा काठी टेकीत आले व म्हणाले, "फादर, आंत गेलां तेव्हां माझं नांव घेतलंत का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या चार-दोन क्षणांत आम्हीं कोणाचेंच नांव घेतलें नव्हतें. डोकें भिंतीला आपटूं नये एवढीच काळजी घेतली होती. आमचा चेहरा पाहून तेच म्हणाले, "असूं द्या, पुढच्या खेपेला घ्या."

इतकें सांगून थांबलों असतों तर कबुली अर्धीच राहिली असती. आमच्या तिकिटाचे पैसे आम्हीं भरले नव्हते. अशा सहलींत ठराविक यात्रेकरूंमागें एका धर्मगुरूला विनामूल्य जागा देण्याची रीत आहे. विनामूल्य हा शब्द फसवा आहे. ती जागा कोणी आकाशांतून टाकीत नाहीं. ती सर्वांच्या भाड्यांत वांटलेली असते. म्हणजे त्या आजोबांनीं आपल्या पेन्शनींतून शिल्लक टाकून जें भाडें भरलें, त्यांतला एक हिस्सा आम्हांस कबरेपर्यंत घेऊन गेला, आणि ते स्वतः खोलींत राहिले. त्यांची कन्या दर्शनास जावी म्हणून त्यांच्या उशाशीं कोणी बसावयाचें होतें तर तें आम्हीं. दिंडींतल्या चोपदाराला जें कळतें तें सेमिनरींत अनेक वर्षें शिकलेल्या आम्हांस त्या सकाळीं कळलें नाहीं.

पुढची खेप आली नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या भूमींत युद्ध पेटलें, यात्रा थांबल्या, आणि बेथलेहेममध्यें ऑलिव्हच्या लांकडाचे क्रूस कोरून पोट भरणाऱ्या आपल्या ख्रिस्ती बांधवांचे हात रिकामे झाले. त्या आधींच आजोबांना प्रभूनें आपल्या घरीं नेलें होतें. त्यांचें नांव आम्ही आतां मिस्साबलिदानांत घेतों. उशिरां कां होईना, घेतों.

यंदाच्या ज्युबिलीनिमित्त पुन्हां यात्रा काढावी, निदान रोमची तरी, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. आमचा विरोध नाहीं. आमची सूचना एवढीच आहे कीं धर्मगुरूच्या नांवें मिळणारी जागा धर्मग्रामांतील अशा एखाद्या माणसाला द्यावी, कीं ज्याला स्वतःच्या पैशानें जाणें या जन्मीं शक्य नाहीं; धर्मगुरूला जावयाचें असेल तर त्यानें आपलें भाडें भरावें. जे मागें राहतील त्या सर्वांच्या नांवांची यादी संघाबरोबर जावी आणि मुक्कामाच्या वेदीवर ती सावकाश वाचली जावी. आणि वाटेंत कोणी आजारी पडलें तर त्याच्याजवळ धर्मगुरूनें थांबावें.

योबेलाचें शिंग घरीं परतणाऱ्यांसाठीं फुंकलें जात असे. आपली ज्युबिली संपल्यावर कोण कोठें जाऊन आला हें लोक विसरून जातील. पण कोणी एकटा मागें राहिला असेल तर तो विसरणार नाहीं. प्रभु आपणां सर्वांना, जाणाऱ्यांना व राहणाऱ्यांना, एकाच घरीं सुखरूप आणो.