फोटोची पाठ
मुंबईच्या चोरबाजारात जुना फोटो हाती आला की जाणकार तो आधी उलटून पाहतो. पाठीवरच्या छापावरून स्टुडिओ कळतो, पत्त्यावरून काळाचा अंदाज येतो, किंमत ठरते. पुढे उभा माणूस कोण, हे कुणी विचारीत नाही. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. स्टुडिओत टिपलेली माणसे त्याने वेगळ्याच देखाव्यांवर चढवली. म्हणजे पायाखालची जमीनसुद्धा त्यांची नव्हे! ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड (१८६८–७५) तर सरकारी; तिथेही बहुतेक चित्रांखाली जात आहे, नाव नाही. आपल्या घरच्या पेटीतल्या फोटोंवर तरी काय लिहिले आहे? म्हातारी आहे तोवर तिला विचारून मागे नावे लिहा. पेन्सिलीने, शाई झिरपते.