वस्ती कोणी ठरवायची? जुन्नर-आंबेगावातील नियोजनाचा इतिहास

भारतातील नगरनियोजनाचा कायदेशीर इतिहास सामान्यतः मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ पासून मोजला जातो, कारण या विषयावरचा तो देशातील पहिला कायदा होता. परंतु वस्ती कोठे असावी, तिच्या सोयींचा खर्च कोणी करावा आणि जमिनीच्या वापरावर कोणाचा अधिकार चालावा, हे प्रश्न त्याहून फार जुने असून कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत त्यांचा माग सुमारे दोन हजार वर्षे मागे नेता येतो.

कल्याण आणि सोपारा या बंदरांतून आलेला माल नाणेघाट चढून देशावर पोहोचला की त्याला लागणारी पहिली मोठी बाजारपेठ म्हणजे जुन्नर. सातवाहनकाळात या नगराची भरभराट झाली ती या घाटवाटेमुळे. नगराभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांतील शिलालेखांत ‘श्रेणी’ म्हणजे एका व्यवसायातील लोकांच्या संघटना वारंवार भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. तर कोणाचिक श्रेणीतील आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० आणि वडांसाठी ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिले होते. निवर्तन हे जमीन मोजण्याचे तत्कालीन माप होय. ही दाने धार्मिक हेतूची असली, तरी पाणी, निवारा आणि सावली यांची तरतूद करताना तिच्या खर्चाची कायमची व्यवस्थाही कशी लावली जात असे, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

मध्ययुगात जुन्नरचे भवितव्य राजसत्तेच्या सोयीवर अधिक अवलंबून राहिले. बहमनी राज्याचा सुभेदार मलिक अहमद याने १४९० मध्ये याच भागात स्वतंत्र सत्ता स्थापन केली, परंतु राजधानीसाठी अहमदनगर हे नवे शहर वसवले. पुढे मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला आणली आणि नंतर ती दौलताबादकडे हलवली. बाजार वसवण्याची दख्खनमधील रीत मात्र सत्तांतरांतही टिकून होती. नवी पेठ वसवताना सरकार ‘कौल’ देई, म्हणजे ठरावीक वर्षे करमाफीचे किंवा कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे लेखी अभयपत्र देई, आणि पेठेचा कारभार शेटे व महाजन हे वतनदार पाहत. अशा रीतीने वस्ती वाढवणे हा सरकार आणि रहिवासी यांच्यातील करार होता, जरी त्यात बलुतेदारांचा आणि गावकुसाबाहेरच्यांचा शब्द फारसा चालत नसे.

ब्रिटिश काळातील जमीन मोजणीने हा करार मोडून त्या जागी सीमारेषा आणली. घरांसाठी राखलेली ‘गावठाण’ आणि आकारणीची शेतजमीन यांची विभागणी पक्की झाली, आणि शेतजमिनीवर घर बांधायचे तर बिगरशेती परवानगी घेण्याची पद्धत रूढ झाली. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने शहराच्या विकास आराखड्यासोबत संपूर्ण प्रदेशाची योजना करण्याची तरतूद केली. तथापि या दोन तालुक्यांतील वस्त्यांचे सर्वांत मोठे बदल अशा आराखड्यांतून न होता पाटबंधारे, आपत्ती आणि विज्ञान यांच्या निमित्ताने झाले.

कुकडी प्रकल्पांतर्गत घोड नदीवर डिंभे धरण बांधले गेले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगावच जलाशयात बुडाले. पाणी खालच्या, बागायती पट्ट्याला मिळाले. जमीन गेली ती मुख्यतः वरच्या खोऱ्यातील महादेव कोळी कुटुंबांची. जे काठावरच राहिले, त्यांनी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत, म्हणजे ‘गाळपेरी’त, पीक घेण्याचा आणि जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क संघटितपणे मागितला. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला, आणि उतारावरील जमिनीच्या वापराचा वाद ऐरणीवर आला. भातखाचरे तयार करण्यासाठी एकमेकांच्या रानात श्रम करून दगडी बांध घालण्याची ‘पडकई’ ही आदिवासींची जुनी पद्धत. तिच्या नावाने राबवलेल्या कामांत यंत्रे आल्याने डोंगर खिळखिळे झाले का, यावर मोठी चर्चा झाली. हाताने रचलेला बांध उताराच्या कलाने जातो, तर यंत्र उतारच कापते, हा फरक त्या चर्चेचा गाभा होता. आमडे येथे वसवलेले नवे माळीण २ एप्रिल २०१७ रोजी ग्रामस्थांच्या स्वाधीन करण्यात आले. परंतु पहिल्याच पावसाळ्यात तेथील रस्ते खचल्याने आखीव वस्तीलाही पाण्याचा निचरा चुकवता येत नाही, हे दिसून आले.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीची गोष्ट वेगळी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या या संचासाठी रेडिओ लहरींची शांतता आवश्यक असल्याने आसपासच्या उद्योगांवर निर्बंध आले, आणि पुणे-नाशिक रेल्वेचा या भागातून जाणारा प्रस्तावित मार्गही याच कारणाने बाजूला ठेवण्यात आला. दुर्बिणीचे वैज्ञानिक मोल निर्विवाद आहे. पण रोजगार आणि रेल्वे यांच्या रूपाने तिची किंमत स्थानिकांनी मोजावी, तर त्याचा मोबदला कोणता, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात मांडलेला दिसत नाही.

या दीर्घ इतिहासात एक सूत्र आढळते: निर्णयाचे कारण बहुधा बाहेरचे राहिले, परंतु व्यवस्था टिकली ती जेथे स्थानिक संघटनेच्या हाती पैसा, श्रम किंवा हक्क होता तेथेच. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने तेथे भूसंपादन व पुनर्वसनापूर्वी ग्रामसभा किंवा पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक केला आहे. प्रादेशिक योजनेवरील हरकती मागवण्याचा सोपस्कार तालुक्याच्या कचेरीत न उरकता हाच विचारविनिमय नकाशा आखण्यापूर्वी ग्रामसभेत झाला पाहिजे. अन्यथा योजना कितीही शास्त्रीय असली, तरी तिला नियोजन म्हणता येणार नाही.