समुद्रावर कधी जायचं? संशोधन फेऱ्यांच्या वेळापत्रकाचा छोटा इतिहास

परंदवडीत राहून समुद्राचा कसला अभ्यास करतोस, हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. आमच्या मावळात पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे जातच नाही. पवनेतून मुळा, भीमा, कृष्णा असा प्रवास करत तो थेट बंगालच्या उपसागराला मिळतो. पण घाटमाथ्याच्या पलीकडचं पाणी उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्यांतून अरबी समुद्रात उतरतं. 1915 साली खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हापासून लोणावळ्याच्या तलावांतलं पाणीही त्याच वाटेला लागलं. हे गोडं पाणी समुद्रात जाऊन काय करतं, ते पुढे येईलच.

मी शिकतोय तो समुद्रविज्ञानाचा इतिहास. त्यातला माझा प्रश्न साधा आहे: संशोधन जहाजाची फेरी आखताना 'कधी जायचं' हे कोण ठरवतं?

फेरी आखायची म्हणजे काय करायचं? किनाऱ्याला काटकोनात रेषा आखायच्या आणि त्यांवर थांबे, म्हणजे स्टेशनं, ठरवायची. प्रत्येक स्टेशनवर जहाज उभं करून सीटीडी नावाचं उपकरण खाली सोडायचं. ते तापमान, क्षारता आणि खोली मोजतं. ठरावीक खोल्यांवर बाटल्यांत पाणी भरून घ्यायचं, प्लवकांसाठी जाळी ओढायची. जहाजाचे दिवस मोजकेच मिळतात, त्यामुळे स्टेशनं वाढवली की रेषा कमी होतात. पण या सगळ्याआधी ठरतो तो महिना.

आपल्या किनाऱ्यावर तर महिन्यावरच सगळं अवलंबून आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर सरकतं. यालाच अपवेलिंग म्हणतात. त्यामुळे प्लवकं फोफावतात, मासळीला खाद्य मिळतं. पण त्या खालच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो. वरून पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्याने झाकणासारखं पसरतं, त्यामुळे वरचा ऑक्सिजन खाली मिसळत नाही. म्हणजे महत्त्वाचं सगळं घडतं ते नेमकं समुद्र खवळलेला असताना आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत.

आता जुनी वेळापत्रकं बघू. अरबी समुद्राची पहिली मोठी पद्धतशीर पाहणी म्हणजे 1933-34 ची जॉन मरे मोहीम. 'मबाहिस' हे छोटं इजिप्शियन जहाज, प्रमुख सेमूर सेवेल. याच मोहिमेत मधल्या खोलीवर ऑक्सिजन जवळपास नसलेला प्रचंड थर दिसला, आणि तो थर तळाला टेकतो तिथे काही पट्ट्यांत जीवसृष्टी जवळजवळ नाहीच हेही कळलं. पण जहाज निघालं सप्टेंबर 1933 मध्ये आणि परतलं मे 1934 मध्ये. ऐन पावसाळा वगळूनच!

1959 ते 1965 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने हे बदलायचा प्रयत्न केला. दोन्ही मोसमांची तुलना हा तिचा गाभाच होता. 'डिस्कव्हरी' हे ब्रिटिश जहाज 1963 च्या नैऋत्य मोसमात अरबस्तानच्या किनाऱ्यावर काम करत होतं. भारताने आयएनएस किस्तना ही नौदलाची नौका कामाला लावली. या मोहिमेतूनच 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. पुढे 1976 मध्ये 'गवेषणी' आणि 1983 मध्ये 'सागर कन्या' ही जहाजं आली.

किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्याकडे, म्हणजे समुद्रबूड जमिनीकडे, लक्ष वेधणाऱ्यांत कार्ल बान्झे हे महत्त्वाचं नाव. अपवेलिंगचं कमी ऑक्सिजनचं पाणी तळाजवळच्या माशांना कसं हुसकावतं, हे त्यांनी 1968 च्या लेखात मांडलं. पुढे गोव्यात कांदोळीसमोर एकाच ठिकाणी वारंवार जाऊन नमुने घ्यायला 1997 च्या सुमारास सुरुवात झाली. 2000 साली एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांचा 'नेचर'मधला लेख आला. पावसाळा संपता संपता इथला ऑक्सिजन संपतो, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, असं त्यात दाखवलं होतं. ही स्थिती बिघडत चालल्याचा इशाराही होता.

'बिघडत चालली' म्हणायचं तर आधी कशी होती हे माहीत हवं. इथेच जुनी वेळापत्रकं आडवी येतात. जहाज जून-जुलैत गेलंच नसेल, तर त्या वर्षाच्या तक्त्यात तिथे रिकामी जागा असते. रिकामी जागा म्हणजे 'तेव्हा ऑक्सिजन ठीक होता' असं नव्हे. तेव्हा तिथे कोणी नव्हतं, एवढाच तिचा अर्थ.

म्हणून मी जुन्या फेऱ्यांचे अहवाल वाचताना आकड्यांआधी तारखा बघतो. कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. होड्या शाकारल्या की समुद्र थांबत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुढची फेरी आखणाऱ्यांनी निदान काही दिवस पावसाळ्यासाठी राखून ठेवले, तर पन्नास वर्षांनी कोणाला तरी तुलना करता येईल.