डर्ट बाइकचे स्टंट मोटारसायकलीत रूपांतर

माती, चिखल आणि खाचखळग्यांसाठी बांधलेली हलकी मोटारसायकल डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेवर, अगदी कमी वेगात, एका चाकावर तोलून चालवता यावी म्हणून तिच्यात केले जाणारे फेरबदल. काम दोन टप्प्यांत होते. आधी तिची ‘सुपरमोटो’ होते, म्हणजे रस्त्याची चाके, मोठा ब्रेक आणि कडक शॉकअप बसतात. मग हँडब्रेक, मोठे स्प्रॉकेट, मागचा बार आणि पिंजरा येतो. हौशी मंडळींचे बरेचसे पैसे पहिल्याच टप्प्यात संपतात. स्टंटचे खरे काम मात्र दुसऱ्यात आहे.

पूर्वपीठिका : एका चाकावरची कसरत मोठ्या प्रमाणात मातीतल्या गाड्यांवरच वाढली. अमेरिकेच्या डग डोमोकोसने १९८४ मध्ये टॅलाडेगाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर होंडा एक्सआर ५०० ही डर्ट बाइक सलग १४५ मैल (सुमारे २३३ किमी) मागच्या चाकावर चालवली. १९९१ मध्ये जपानच्या यासुयुकी कुडोने होंडाच्या ट्रायल गाडीवर हे अंतर ३३१ किमीपर्यंत नेले. पुढे ६०० सीसीच्या स्पोर्ट्‌स गाड्यांनी, विशेषतः कावासाकी झेडएक्स-६आरने, हे क्षेत्र व्यापले. जर्मनीचा क्रिस्टियन फायफर ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गची खडतर एंड्युरो शर्यत चार वेळा जिंकला आणि स्टंटचाही जगज्जेता झाला. मातीतली तालीम डांबरावर किती उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

सुपरमोटोची सुरुवात वेगळी. एबीसी वाहिनीसाठी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅड येथे ‘सुपरबायकर्स’ ही माती आणि डांबर एकत्र असलेली शर्यत भरवली गेली. ती कल्पना युरोपात रुजली. २००५ मध्ये सुझुकीने डीआर-झेड४०० या आपल्या मातीतल्या गाडीची सुपरमोटो आवृत्ती थेट कारखान्यातूनच बाजारात आणली.

चाके व शॉकअप : डर्ट बाइकचे पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ किंवा १९ इंची. त्यांच्या जागी १७ इंची रिंगा येतात. पुढे १२०/७०, मागे साधारण १५०/६० मापाचा टायर. टायरसकट हिशेब केला तर पुढचे चाक सुमारे ९५ मिमीने आणि मागचे ७० मिमीने लहान होते. पुढची बाजू जास्त उतरल्यामुळे हँडल चपळ होते आणि पुढच्या चाकावरून चालणारा स्पीडोमीटर खोटा, म्हणजे जास्त, वेग दाखवू लागतो. पुढे ३२० मिमीची डिस्क बसवायची तर कॅलिपरसाठी वेगळा ब्रॅकेट लागतो. मोटोक्रॉसच्या शॉकअपची खेळी ३०० मिमीच्या आसपास असते. ती तशीच ठेवली तर स्टॉपी मारताना, म्हणजे मागचे चाक उचलून पुढच्यावर तोल धरताना, नाक जमिनीत घुसल्यासारखे खाली जाते. म्हणून कडक स्प्रिंग घालून खेळी कमी करतात.

आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते आणि स्टंटवाले पकड वाढावी, तोल सोपा जावा म्हणून मागची हवा बरीच उतरवतात. कमी हवेत टायर रिंगवर सरकतो, ट्यूबलाही ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. त्यासाठी रिमलॉक हवे, नाहीतर ट्यूबलेस रिंग. शिवाय बहुतेक शर्यतीच्या डर्ट बाइकच्या मागच्या हबमध्ये धक्का शोषणारे रबर नसते. मातीत चाक घसरून धक्का पचतो. डांबरावर तो थेट गिअरबॉक्सला बसतो.

हँडब्रेक : संपूर्ण रूपांतराचा कणा हाच. एका चाकावर असताना थ्रॉटलने पुढची बाजू वर जाते आणि मागच्या ब्रेकने खाली येते. पण रायडरचे पाय सीटवर किंवा मागच्या पेगवर असतील तर पायाचा ब्रेक निरुपयोगी. म्हणून हँडलच्या डाव्या बाजूला, क्लचच्या लिव्हरजवळ, मागच्या चाकाच्या ब्रेकचे दुसरे लिव्हर बसवतात. यात एक स्वस्त आणि चुकीची युक्ती हमखास दिसते: पायाच्या आणि हाताच्या मास्टर सिलिंडरच्या नळ्या टी-जोडाने एकत्र करणे. एक दाबला की ऑइल दुसऱ्याच्या टाकीत परत जाते आणि ब्रेक लागतच नाही. दुसऱ्या ब्रॅकेटवर स्वतंत्र कॅलिपर लावणे हा खात्रीचा मार्ग.

गिअरिंग व इंजिन : चालत्या माणसाच्या वेगाने व्हीली, म्हणजे मागच्या चाकावरचा तोल, धरायची तर मागचे स्प्रॉकेट मोठे हवे. स्पोर्ट्‌स गाडीत ते ४३-४५ दातांवरून ६० च्या पुढे न्यावे लागते. डर्ट बाइकमध्ये मुळातच ५० च्या आसपास दाते असतात आणि लहान झालेले मागचे चाक आणखी दहा टक्के कपात करते, त्यामुळे थोडक्या बदलात भागते. आयडलही वाढवतात. मात्र मोटोक्रॉसचे इंजिन या कामाला वाईट. त्यात ऑइल कमी, देखभाल तासांवर मोजलेली, आणि बऱ्याच गाड्यांना रेडिएटरचा पंखाच नसतो. एका जागी घिरट्या घालताना पाणी उकळते. ट्रेल गाडीचे मवाळ इंजिन बरे.

सांगाडा : मागच्या बाजूला आडवा बार असतो. गाडी पार उभी झाली की तो जमिनीला टेकतो आणि ती उलटत नाही. डर्ट बाइकचा बोल्टने जोडलेला ॲल्युमिनियमचा मागचा सांगाडा हा भार सहन करत नाही. पोलादी बांधावा लागतो. इंजिनभोवती पिंजरा आणि त्याला नायलॉनच्या गोट्या. बाजूला उघडे असलेले रेडिएटर आधी झाकायला हवेत, कारण पहिल्याच पडण्यात तेच चेपतात. रुंद हँडल आणि भरपूर वळणारे पुढचे चाक मात्र आयते मिळते. अडचण सीटची: उंच, अरुंद, उभे राहायला नकोशी. फोम कापतात.

कायदा : भारतात हीरोची एक्सपल्स २०० (२१ व १८ इंची चाके) सुपरमोटो करण्यासाठी लोकप्रिय आहे. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे अशी गाडी टेम्पोत घालून बंदिस्त मैदानावर न्यावी लागते.